पंडुमाआधीचं पन्हं

१ मार्च

जोयाचा नागपूरहून हुकूम आला आहे. पाहुण्यांना तोंडावर काही बोलायचं नाही, बोलावंसं वाटलं तर वहीत लिहायचं. गेल्या आठवड्यात कुणीतरी नेटवर आमच्याबद्दल लिहिलं, 'जेवण झकास, जागा शांत, मालकीणबाई हेडमास्तर.' मला वाटलं कौतुक केलंय. जोया म्हणाली, अम्मी, हे कौतुक नाही. बुकिंग तीच बघते, म्हणून तिचं ऐकावं लागतं. माजरीला शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, वर्गच्या वर्ग गप्प बसवले, आणि आता पोटची पोर मला गप्प बसवते आहे. असो. वही घेतली.

सुरुवातीपासून लिहिते. कय्यूमसाहेब निवृत्त झाले आणि ऊर्जानगरचं क्वार्टर सुटलं. चंद्रपुरात धाकट्या दिरानं, मोहसीननं, माडीवरची खोली देऊ केली होती. खोली हवेशीर आहे, पण माडीखाली मोहसीनची बायको राहते. तिला विचारून चहा ठेवायचा आणि तिला विचारून आंघोळ करायची, हे मला या जन्मात जमणार नाही. म्हणून चामोर्शीच्या पुढे, जंगलातल्या या येरमीटोल्यात आलो. गोंडांची वस्ती आहे. कोलूभाऊ आणि त्याची बायको सोमारी यांची एका अंगणात दोन घरं. मागच्यात ते राहतात, पुढचं आम्ही भाड्यानं घेऊन पाहुण्यांसाठी नीट केलं. मधे आंब्याचं मोठं झाड.

गावाजवळ डोह आहे. कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला आणि अख्खा जिल्हा पोहायला निघाला. ग्रामसभेनं आम्हाला उन्हाळ्यापुरती परवानगी दिली आहे. पाहुण्यांना मी धाकात ठेवायचं, आणि उन्हाळा सरायच्या आत गाव पुन्हा बसून ठरवणार, आम्ही राहायचं की जायचं. जायचं म्हणजे मोहसीनची माडी. तेव्हा जीव गेला तरी हे घर टिकवायचं आहे.

रमजान चालू आहे. आजच्या पाहुण्यांनी माझ्यासमोर कोंबडी चापली आणि एकीनं विचारलं, पाणीसुद्धा नाही? मग वजन छान उतरत असेल. मी हसले. हसताना दात दिसले असतील, ते तिनं कसे घेतले कोण जाणे.

सोमारीनं काही दिवसांपासून अंगणातली चूल उचलून घरामागे नेली आहे. धुरानं डोळे चुरचुरत असतील. कोलूभाऊही तंबाखू-सुपारीचा खर्रा खायला घरामागे जातो. माझ्या ओरडण्याला घाबरत असावा. बरंच आहे.

८ मार्च

डोहाच्या वाटेवर पाटी लावली. पांढऱ्या फळीवर लाल रंगात, माझ्या हातानं, एकही ऱ्हस्वदीर्घ चुकलेला नाही. कचरा टाकू नये. मोठ्यानं गाणी लावू नयेत. झाडं ओरबाडू नयेत. साबण लावू नये. दारू पिऊन पाण्यात उतरू नये. खाली ठळक अक्षरांत, 'हे कोणाचे तरी घर आहे, याचे भान ठेवावे.' हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं.

दुपारपर्यंत पाटीचा पुरेपूर उपयोग झाला. चौघांनी तिला टेकून सेल्फी काढले. एका जाड्या गृहस्थानं तिच्यावर ओली चड्डी वाळत घातली, ती नेमकी 'भान ठेवावे' वर.

एक गंमत बघितली. सकाळी वाट स्वच्छ होती, तेव्हा येणारा प्रत्येक जण वेफरची पिशवी हातात धरून इकडे तिकडे बघत होता. टाकायची लाज वाटत होती. मग एका शहाण्यानं पिशवी टाकली. अर्ध्या तासात तिथं ढीग. एकाला बघून दुसऱ्यानं टाकली, दुसऱ्याला बघून तिसऱ्यानं. वर्गातही असंच होतं. एकानं खडू फेकला की सगळ्यांना हात फुटतात. फक्त वर्गात मी पट्टी घेऊन उभी असायची. इथं जोया पट्टी घेऊ देत नाही.

ढीग कय्यूमसाहेबांनी उचलला. उचलता उचलता स्वतःच्या खर्र्याची पन्नी टाकली. रोजा सोडल्यावर पहिलं काम खर्रा. मी बोलले तर म्हणतात, एवढीशी तर आहे. एवढ्याशा पन्न्यांनी हा जिल्हा झाकून जाईल, तेव्हा म्हणा.

१५ मार्च

मी जिंकले. डोहावर आज गर्दी होती आणि संध्याकाळी कागदाचा कपटा नाही. गाणी नाहीत, आरडाओरडा नाही. माजरीहून आलेल्या एका कुटुंबानं तर दुसऱ्यांची बाटलीही उचलून नेली. लोकांना लिहून सांगितलं की कळतं, फक्त अक्षर सुवाच्य हवं. जोयाला फोन करून सांगितलं.

एकच अडचण. सोमारी आज दिवसभर त्या वाटेवरच मोहफुलं निवडत बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, कुठून आल्या, जेवल्या का, पोराले ताप आहे का. पाहुण्यांना तिच्या टोपलीला वळसा घालून जावं लागत होतं. काही बायका तिच्याशेजारी फतकल मारून बसल्याही. जागेची शोभा जाते. मी तिला गोड शब्दांत सांगितलं की पुढच्या रविवारी दुसरीकडे बस. ती बरं म्हणाली.

तिचा काही राग येत नाही. टीव्हीवरच्या मालिकांचं तिला वेड आहे, आणि गावातल्या कुणाच्या घरी काय शिजलं हे तिला त्या घरातल्यांच्या आधी कळतं. भाडं ठरवताना तिनं मला घाम फोडला होता. तशी बाई बरी आहे.

२१ मार्च

ईद. मोहसीन सहकुटुंब आला. त्याच्या बायकोनं घरभर फिरून बोट लावून धूळ बघितली आणि म्हणाली, भाभी, कंटाळलात की माडी आहेच. मी तिला दोनदा शीरखुर्मा वाढला, तोंड भरलेलं राहावं म्हणून.

सोमारी आणि कोलूभाऊंना मोठा वाडगा पाठवला. त्यांनी कोहळा आणि मोहफुलं दिली. संध्याकाळी बघते तर सोमारीची चूल परत अंगणात आलेली. धूर मानवला वाटतं.

आंबा लगडला आहे. सोमारी झाडाखाली उभी राहून वर बघत होती. म्हणाली, "औंदा झाड भरून आलं बाई. पंडुम होऊ द्या, मंग पाहा." पंडुम म्हणजे यांचा आंब्याचा सण. गावचा पुजारी दसरू, त्याला गायता म्हणतात, तो दिवस ठरवतो. मी म्हटलं, सणाला आम्हीही येऊ. ती खूश झाली. आणखी काहीतरी सांगत होती, पण तेवढ्यात पाहुण्यांचा फोन आला.

२९ मार्च

पाटी आहे तिथंच आहे, अक्षरंही तीच आहेत, आणि लोक पुन्हा जनावरासारखे. आज डोहातून केकचा पुठ्ठा, दोन चपला आणि लहान मुलाचा लंगोट निघाला. गेल्या रविवारीही हेच. सोमारी आता वाटेवर बसत नाही, म्हणजे वाट मोकळी आहे, शोभाही आहे, तरीही. दोष सरळ आहे. त्या पंधरा तारखेची माणसं चांगल्या घरची होती, ही नाहीत.

फावल्या वेळात मी पर्यटकांच्या जाती पाडल्या आहेत. पहिले टाकणारे. दुसरे टिपणारे, यांना डोह दिसत नाही, फोनमधला डोह दिसतो. एका मुलीनं पाण्यात पाय घालायच्या आधी सतरा वेळा पाय घातल्याचा फोटो काढला. तिसरे शिकवणारे. हे अजून आलेले नाहीत, पण जोया म्हणते पुढच्या महिन्यात एक गट येतोय. 'जबाबदार पर्यटन' असं त्यांच्या बुकिंगमध्येच लिहिलंय. म्हणजे बाकीच्यांनी बेजबाबदार अशी पावती फाडायची.

११ एप्रिल

शिकवणारे आले. एकूण सहा. पुढारी अतुल नावाचा, तिशीतला, दाढी, खांद्यावर झोळी. स्टीलच्या बाटल्या, कापडी पिशव्या, बांबूचे ब्रश. गाडीतून उतरल्या उतरल्या विचारतो, काकू, गावात फोटो काढलेले चालतात का, कुणाला विचारायचं. डोहात उतरलं तर चालतं का, कुणाला विचारायचं. चपला इथं काढू की तिथं. या माणसाला श्वास घ्यायलाही परवानगीपत्र लागत असावं.

दुपारी ऊन असं की पत्रा हात लावू देईना. मी आकडी लावलेला बांबू घेतला आणि अंगणातल्या कैऱ्या काढायला लागले. पन्हं करावं म्हटलं, म्हणजे तोंडं तरी बंद होतील. अतुल खाली पडलेली कैरी उचलायला वाकला आणि तसाच थांबला. म्हणाला, "काकू, हे झाड गावातलं आहे ना? तोडायच्या आधी कुणाला विचारावं लागतं का?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अंगणाचं भाडं मी भरते. आपल्या घरची कैरी तोडायला आता ग्रामसभा बोलावू?" सगळे हसले. तो लाल झाला. जोयाचा नियम मोडला, पण मजा आली.

त्यांच्यातली निशा नावाची मुलगी माझ्या हातांचा व्हिडिओ काढत होती. कैरी उकडते आहे, सोलते आहे, गूळ घालते आहे. चेहरा घ्यायचा नाही असं मी बजावलं, कारण केस विंचरले नव्हते. पन्हं अप्रतिम झालं होतं. सगळ्यांनी दोन दोन पेले घेतले. अतुलनं एक घोट घेऊन पेला ठेवला. साखरेबिखरेचं काही असेल, या लोकांना गुळाचीही भीती वाटते.

सोमारीकडेही तांब्या भरून पाठवला. कय्यूमसाहेब तसाच भरलेला परत घेऊन आले. सोमारीनं त्यावर पानं झाकून दिली होती. सर्दी झाली असेल.

१७ एप्रिल

सोमारी आठवडाभर इकडे फिरकली नाही. मालिका बघायलाही नाही. कोलूभाऊ नमस्कार करतो, पण नजर जमिनीवर. भाडं वाढवायचं असणार. सरळ बोलायचं सोडून माणसं तोंड का पाडतात, हे मला कधी समजलं नाही. मी आपणहून विषय काढणार नाही.

अंगणात गळालेल्या कैऱ्या पडल्या आहेत. गावातली पोरं वाकून बघतात आणि निघून जातात, एकही उचलत नाही. माजरीच्या शाळेत कैरीचं झाड होतं, त्याखाली गवत उगवत नव्हतं, एवढी पोरं तिथं नाचायची. इथली पोरं नको इतकी सरळ आहेत.

२२ एप्रिल

आज सगळं कळलं.

चामोर्शीच्या बाजारात कुणीतरी गावकऱ्यांना निशाचा तो व्हिडिओ दाखवला. 'गोंड गावातलं ताज्या कैरीचं पन्हं.' कोलूभाऊचं झाड ओळखू आलं. गावात गलका झाला. शनिवारी ग्रामसभा बोलावली आहे.

कय्यूमसाहेबांना कोलूभाऊनं नीट सांगितलं, आणि त्यांनी मला. पंडुम होईपर्यंत या गावात कुणी आंब्याला हात लावत नाही. तोडायचा नाही, पडलेला उचलायचा नाही, चाटायचा नाही. झाड आपलं असो की परक्याचं. पहिला घास गावदेवाचा आणि वाडवडिलांचा. मग माणसांचा. म्हातारी माणसंही थांबतात आणि दुधाचे दात पडलेली पोरंही थांबतात.

मी विचारलं, तुम्हाला हे आधी माहीत होतं? म्हणाले, कोलू एकदा काहीतरी बोलला होता, मला वाटलं त्यांच्यापुरतं असेल. खर्रा खाऊन खाऊन या माणसाच्या कानातही सुपारी भरली आहे.

पण खरी गोष्ट पुढे आहे. गावाला वाटतंय, कैऱ्या त्या पोरांनी तोडल्या. व्हिडिओत नुसते हात आहेत. हातात बांगड्या आहेत, पण त्या कुणाच्याही असू शकतात. आणि माझ्याबद्दल काय म्हणतायत? की बाई कडक आहे, बाईची नजर चुकवून केलं असणार. अतुलच्या गटाला गावबंदी करायची, आणि इथून पुढे पाहुण्यांचा सगळा कारभार बाईकडेच द्यायचा, असं चाललंय. म्हणजे घर राहिलं. माडी टळली. काही न बोलता.

गप्प बसणं मला शिकवावं लागत होतं. आता तेच उपयोगी पडलं. खूश व्हायला हवं होतं. जेवण गेलं नाही.

२३ एप्रिल

जोयाचा फोन. अतुलला लोकांनी नेटवर धारेवर धरलंय. ढोंगी, आदिवासींचं खाणारे, वगैरे. ज्यांनी जन्मात एक पिशवी उचलली नसेल ते सगळे आज धर्मराज झाले आहेत. एकानं शिवी दिली की रांग लागते, वेफरच्या पिशवीसारखीच. अतुलनं व्हिडिओ काढून टाकला आणि माफी लिहिली. जोयानं वाचून दाखवली. 'विचारायला हवं होतं, आम्ही कमी पडलो.' माझं नाव नाही. घराचं नाव नाही.

माफी मागायचीही हौस असते एकेकाला, असं मी जोयाला म्हटलं. ती म्हणाली, अम्मी, त्यांनी विचारलं नव्हतं का गं? मी म्हटलं, आठवत नाही.

आठवतं. या वहीतच लिहिलंय.

मला त्या पोराचा राग येतोय. त्यानं माझं नाव घेतलं असतं तर मी भांडले असते, शब्दाला शब्द दिला असता, आणि आत्तापर्यंत मोकळी झाले असते.

२५ एप्रिल

ग्रामसभा सकाळीच भरली, समाजमंदिरापुढच्या सावलीत. बायका एका बाजूला. सोमारी माझ्यापासून लांब बसली.

दसरू गायत्यानं विषय काढला. मग एकेक बोलायला लागले. एक म्हणाला, त्यायले पोलिसात द्या. दुसरा म्हणाला, डोहच बंद करा. बोलता बोलता दोघातिघांनी खर्र्याच्या पन्न्या तिथंच टाकल्या. मला त्याही स्थितीत उठून कान धरावासा वाटला. मग कोलूभाऊ उभा राहिला. झाड त्याचं, म्हणून त्याच्या शब्दाला मान. तो म्हणाला, "पोरं शहरातली हायेत, त्यायले काय समजते. बाई कडक हाये. बाईच्या हाताखाली असं पुन्हा नाई होनार." लोकांनी माना हलवल्या. झालंच होतं. अजून थोडा वेळ खाली बघत बसले असते तर उठून घरी आले असते.

सोमारीकडे बघायला नको होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती.

मी उभी राहिले. वर्गात जितका आवाज लागतो तितकाही निघाला नाही. म्हटलं, "कैऱ्या मी तोडल्या. त्या पोरांनी नाही. त्या मुलानं आधी विचारलंही होतं, तोडायचं का म्हणून."

दसरूनं विचारलं, "कोनाले विचारलं होतं त्यानं?"

"मला."

"मंग तुमी कोनाले विचारलं?"

जन्मभर पोरांना उभं करून प्रश्न विचारले, उत्तर येत नसलं की पोरं अंगठ्यानं जमीन का उकरतात ते आज समजलं.

दसरू म्हणाला, पंडुम होऊ दे, मग ठरवू. अतुलच्या गावबंदीचं कुणी पुन्हा काढलं नाही. सभा उठली. कुणी मला वाईट बोललं नाही, आणि चांगलंही नाही.

घरी आल्यावर मी सोमारीच्या दारात गेले. ती तांदूळ निवडत होती. मी सरळ भांडायलाच गेले होते. म्हटलं, तुला माहीत होतं. तांब्या परत पाठवलास तेव्हाच माहीत होतं. मग त्याच दिवशी का नाही बोललीस? आणि आज सगळे त्या पोराला धरत होते तेव्हा का गप्प बसलीस?

ती म्हणाली, तुमी माया घरात राहून राह्यल्या बाई, मी कशी बोलू. तुमचं तोंड तुमालेच हाये, तुमीच बोलाचं. मग सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर, तो असता तर बरं झालं असतं.

"तुमच्या रोजात आमी चूल मांगं नेली. पोराय्ले पानीबी मांगं पाजलं. मले वाटलं, थांबनं काय असते ते तुमाले समजते."

मी परत आले.

धूर. मी धूर लिहिला होता. कोलूभाऊ खर्रा खायला मागे जायचा, तेही मी माझ्या ओरडण्याच्या खाती जमा केलं. महिनाभर या घरानं माझ्यासमोर घोटभर पाणी प्यायलं नाही, आणि मी वहीत त्यांच्या डोळ्यांची काळजी करत बसले. तांब्याभर पन्हं पाठवलं ते त्यांच्या उपवासाच्या तोंडात. कोणी मला रोजा सुटायच्या, मगरिबच्या आधी हातात खजूर कोंबून खा म्हटलं असतं तर मी त्याचं काय केलं असतं?

२६ एप्रिल

अतुलला फोन केला. आधी तीनदा लावला आणि कापला. मग सांगितलं, मी सभेत खरं काय ते बोलले आहे, आणि जोयाला नेटवरही तेच लिहायला सांगितलं आहे, माझ्या नावानं. तो म्हणाला, काकू, कशाला, चूक माझीही होती, मी एक घोट प्यायलोच ना. सगळे हसले तेव्हा मला ऑकवर्ड झालं, म्हणून प्यायलो.

म्हणजे त्याला पेला ठेवायला मी लावलं नाही, उचलायला लावलं. आणि मी त्यावर गुळाची भीती असं लिहून ठेवलंय. या वहीत खरी अशी कोणती गोष्ट मी लिहिली आहे, ते एकदा शोधायला हवं.

जोयानं लिहिल्यावर दुपारपर्यंत दोन बुकिंग रद्द झाली. होऊ देत.

३ मे

आज पंडुम झाला.

पाहुणे घेतले नव्हते. काल सोमारीकडे जाऊन विचारलं, आम्ही आलो तर चालेल का. आणि हेही विचारलं की देवापुढं ठेवलेलं आम्हाला आमच्या धर्मात चालत नाही, तर काय करायचं. दोन्ही प्रश्न विचारताना मला अतुलसारखं वाटलं, नुसती झोळी नव्हती. सोमारीला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. म्हणाली, तुमच्यासाठी बिनदेवाच्या फोडी वेगळ्या काढतो.

सकाळी ढोल वाजला. दसरूनं गावदेवापुढं आणि वाडवडिलांच्या नावानं पानांवर आंबा मांडला. प्रत्येक घराची टोपली आली, कोलूभाऊचीही आली. मला भीती होती की त्याची परत पाठवतील. नाही पाठवली. पोरं रांगेत अशी उभी होती की त्यांच्या तोंडाला सुटलेलं पाणी लांबून दिसत होतं, पण एकाचाही हात पुढं आला नाही. कुठंही पाटी नव्हती.

मग दसरूनं गावाचा निर्णय सांगितला. आम्ही पावसाळ्यापर्यंत राहावं, पुढचं पुढच्या वर्षी. डोहाच्या वाटेवर रविवारी सोमारी बसणार, तिच्याशी बोलल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही. पाहुण्यांना गावच्या रीती तीच सांगणार. बाई जेवण करतील. आणि ती लाल पाटी काढून टाकायची, तिचा काही उपयोग होत नाही. शेवटचं वाक्य त्यांनी फार सहज म्हटलं. मला मात्र लागलं. एवढं सुवाच्य अक्षर या तालुक्यात दुसऱ्या कुणाचं नाही.

म्हणजे मी आता आचारीण. मोहसीनच्या बायकोला कळलं तर ती मिठाई वाटेल.

पाटी कय्यूमसाहेबांनी दुपारीच उपटून आणली. सोमारीनं ती अंगणात उलटी घातली आणि तिच्यावर कैरीच्या फोडी वाळत टाकल्या. फळी चांगली आहे म्हणाली, ऊन नीट लागते.

आमच्यासाठी तिनं वेगळ्या फोडी पळसाच्या पानावर आणून दिल्या, तिखटमीठ लावून. स्वतःचं पान घेऊन माझ्यासमोर बसली. मी फोड उचलली आणि थांबले. तिच्या हातातही फोड होती आणि तीही थांबली होती. मी तिची वाट बघत होते, ती माझी. शेवटी तिनं विचारलं, "काऊन थांबल्या बाई?"

मी म्हटलं, "आधी तू. तुझं झाड आहे."

तिनं फोड तोंडात टाकली. मग मी टाकली. दातच आंबले. मीठ जरा जास्त झालं होतं, पण ते मी वहीतच लिहिते आहे.